पवनचक्क्या, रेल्वे आणि ग्रामीण जनमत

मोठे प्रकल्प गावाच्या दारात येतात तेव्हा गावकऱ्यांची भूमिका कशी ठरते, हे महाराष्ट्रातील दोन उदाहरणांतून स्पष्ट होते. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयावरील वनकुसवडे पठारावर आणि धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात शेकडो पवनचक्क्या उभ्या आहेत. यंत्रे डोंगरावर चढवण्यासाठी रस्ते झाले, काहींना रखवालीची कामे मिळाली. ते लोकांना हवेच होते. मात्र वीज उच्चदाब वाहिन्यांतून थेट ग्रिडमध्ये जाते, गावात वेगळी उतरत नाही. साक्रीत आदिवासी कसत असलेल्या वनजमिनींवर पवनचक्क्या आल्या आणि संघर्ष झाला. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार जमिनीवरचा दावा आधी निकाली निघायला हवा, ही आदिवासींची मागणी न्याय्यच होती. हा विरोध वाऱ्याला नव्हता, न विचारता जमीन घेण्याला होता.

रेल्वेची गोष्ट उलटी. विदर्भातील मूर्तिजापूर–यवतमाळ व मूर्तिजापूर–अचलपूर या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या मार्गांवरील ‘शकुंतला’ ही गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. ती संथ होती, पण भाडे कमी आणि थांबे गावोगावचे. बाजार, दवाखाना, माहेर यांसाठी ती गोरगरिबांची सोय होती. म्हणूनच तिच्या फेऱ्या थांबल्यावर लोकांनी ती पुन्हा सुरू करावी व मार्गाचे रुंदीकरण व्हावे, यासाठी आंदोलने केली.