शेंदूर, जवस आणि खाडीवरचे पूल

आम्हा जळगाव-धुळ्याच्या माणसांना गंज म्हणजे काय ते खरं तर नीट कळत नाही. उन्हाळ्यात पारा ४५च्या आसपास, हवा कोरडी ठाक. अंगणातल्या फाटकाला एकदा रंगाचा हात मारला की काही वर्षं त्याच्याकडे कोणी बघत नाही. मुंबईला गेलेल्या आमच्या नातेवाइकांच्या खिडकीच्या जाळ्या मात्र दोन पावसाळ्यांत पोपडे टाकतात आणि फोनवर शिव्या खातो तो रंगवाला. (आत्या, हे तुझ्यासाठी!)

खरा दोष मिठाचा. समुद्रावरून येणारं मीठ लोखंडावर बसतं, हवेतली ओल ओढून घेतं, आणि खारट पाण्यातून वीज सहज वाहते म्हणून गंजण्याची क्रिया वेग घेते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो वरचा रंग आतून उचलतो. सगळ्यात वाईट हाल होतात ते कायम पाण्यात बुडालेल्या भागाचे नव्हे, तर लाटांनी भिजून पुन्हा वाळणाऱ्या पट्ट्याचे. तिथे पाणीही मिळतं आणि हवाही!

भुसावळहून सुरतमार्गे मुंबईला जाणाऱ्या खान्देश एक्सप्रेसने गेलात तर मुंबईच्या अलीकडे वसईची खाडी लागते. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १८६४ साली ही खाडी ओलांडली. तेव्हाचे खांब बिडाचे होते, टोकाला स्क्रूसारखं पातं असलेले, गाळात पिळून पिळून उतरवलेले. वर लोखंडी गर्डर. (आता गाडी जाते ते पूल नंतरचे.) त्या काळात अशा लोखंडाला वाचवायचा एक सर्वमान्य उपाय होता: रेड लेड, जवसाच्या तेलात कालवलेलं.

आता गंमत बघा. रेड लेड म्हणजे शिशाचं ऑक्साइड. म्हणजेच शेंदूर! आपल्या गावोगावच्या मारुतीला लावतात तोच. आणि जवस तर खान्देशातल्या शेतातलं जुनं पीक, आपण त्याची चटणी खातो. समुद्र न पाहिलेल्या मुलखाला ठाऊक असलेल्या या दोन वस्तू खाऱ्या हवेशी लढत होत्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ही जोडी जमते का, तर जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल लावलं असतं तर चिकटच राहिलं असतं. शिवाय तेलातली आम्लं आणि शिसं यांचा एक प्रकारचा साबण तयार होतो आणि तो लोखंडाचं गंजणं रोखतो. नुसता पडदा नव्हे, राखणदारच म्हणा ना.

शेंदराची पुटं किती चढू शकतात ते आपण वणीला पाहिलंच. २०२२ साली सप्तशृंगीच्या मूर्तीवरून हजार किलोंहून जास्त शेंदूर उतरवला, तेव्हा आतलं मूळ रूप दिसलं. पुलाच्या बाबतीत मात्र पुटावर पुट चालत नाही. खालचा गंज तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने खरवडून काढावाच लागतो, नाहीतर नवा रंग गंजावरच बसतो आणि गंजासकट पडतो.

दुसरा मार्गही होता. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने लोखंडावर जस्त चढवण्याचं पेटंट घेतलं. ही कल्हईसारखीच गोष्ट वाटते, पण फरक मोठा आहे. जस्तावर ओरखडा पडला तरी ते आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. आपली रेल्वेही खाऱ्या हवेतल्या गर्डरवर अ‍ॅल्युमिनियमचा फवारा मारून मग रंग देते. २०२५ साली सुरू झालेल्या नव्या पांबन पुलाला तर पॉलिसिलोक्झेनचा लेप आहे.

पण ब्रश पोचतो तिथलीच ही कथा. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७० साली बांधला आणि ५ जुलै १९८६ला कोसळला. तो काँक्रीटचा होता, ताणलेल्या पोलादी तारा आत. त्याच गंजल्या. बाहेरून खरवडायला, रंगवायला तिथे काही उघडं नव्हतंच. उघड्या गर्डरचा गंज निदान दिसतो तरी.

आता शेंदराची दुसरी बाजू. शिसं विषारी. रंग लावताना जितका धोका, त्याहून जास्त जुना रंग खरवडताना, कारण धूळ श्वासात जाते. २०१६ च्या नियमांनी आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० अशी मर्यादा घातली. कारखान्यांत आणि बांधकामांवर वापरायचे औद्योगिक रंग त्या नियमांत येत नाहीत. म्हणजे आत्याची जाळी सुरक्षित झाली, पण एखाद्या जुन्या पुलावर पाळण्यात लोंबकळत आजोबांच्या काळातला लाल थर खरवडणाऱ्या माणसाच्या तोंडावर बऱ्याचदा असतो तो फक्त एक रुमाल.