कॅसल ऑफ फू मांचू, द
जेस फ्रँको दिग्दर्शित साहस-गुन्हेपट (१९६९). सॅक्स रोमर यांच्या कादंबऱ्यांतील खलनायकावर निर्माते हॅरी ॲलन टॉवर्स यांनी १९६५ पासून काढलेल्या पाच चित्रपटांपैकी हा शेवटचा. पाचही वेळा फू मांचू क्रिस्टोफर ली यांनीच रंगवला. त्याच्या मागावरील नेलँड स्मिथ येथे रिचर्ड ग्रीन यांनी साकारला. समुद्र गोठवून जगाला वेठीस धरण्याचा डाव, हे कथासूत्र. सुरुवातीच्या जहाजबुडीसाठी ‘अ नाइट टू रिमेंबर’ (१९५८) या टायटॅनिकवरील कृष्णधवल चित्रपटातील दृश्ये निळी छटा देऊन वापरली आहेत. हे ठिगळ सहज नजरेत भरते. शेवटी किल्ला उडतो, तरी खलनायकाचा आवाज परतण्याची धमकी देतोच. गोऱ्या नटाला चिनी रंगभूषा आणि चिनी माणसाचे कपटी चित्रण यांमुळे ही मालिका वंशवादी ठरवली जाते.