कागदावरची निशाणी, पडद्यावरचे बटण

१/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराचा दिवस. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले. हाती आले ते जाळले. 'दख्खनचा उठाव' सुरू झाला आणि लवकरच नगर जिल्ह्यातही पसरला.

२/ रोष कागदांवर का होता? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षे केली. व्याज साचत राहू नये, हा हेतू. सावकारांनी तोच कायदा उलटा फिरवला. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेतला जाई आणि त्या साऱ्या रकमेवर पुन्हा व्याज सुरू होई.

३/ बहुसंख्य शेतकरी निरक्षर होते. फेडीची पावती मिळत नसे, रोख्यात खोटे आकडे घातले जात. खाली मात्र त्यांचीच निशाणी असे आणि न्यायालय त्या निशाणीलाच संमती मानी.

४/ चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्य कायदा झाला. न्यायालयाने रोख्यामागे जाऊन व्यवहार आरंभापासून तपासावा, दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावा, पावती आणि हिशेब द्यावा, असे त्याने ठरवले.

५/ कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. नांदेडकडचे नायगाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ब्रिटिश मुलखातील हे संरक्षण तिथे पोहोचले नाही. हे संस्थान भारतात आले ते सप्टेंबर १९४८ मध्ये.

६/ आज तीच युक्ती नायगावातल्या मोबाइलच्या पडद्यावरही उमटू शकते. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये तिला 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले. खोटी घाई, शेवटच्या पायरीवर उघड होणारे शुल्क, घेण्यास सोपे पण सोडण्यास कठीण सदस्यत्व: भारताने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली.

७/ त्याआधी, २०२२ मध्ये, रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जासाठी नियम केले: करारापूर्वी सर्व खर्च मांडणारे तथ्यपत्रक द्यावे, ऋणकोच्या संमतीवाचून कर्जमर्यादा वाढवू नये. १८७९ च्या कायद्याशी त्यांचे नाते स्पष्ट आहे.

८/ एक भेद मात्र उरतो. तेव्हा दस्त होताना समोर एक तिसरा माणूस असावा, असे कायद्याला वाटले. आज तथ्यपत्रकही त्याच पडद्यावर येते आणि त्याखाली 'मान्य आहे' हे बटण असते. निशाणी खरी असली, तरी संमती खरी होती का, हा सुप्याच्या बाजारातला प्रश्न अजून मिटलेला नाही.