काशीतल्या दोघी

आईला काशीयात्रा घडवली, तेव्हा दर्शनाच्या रांगेपेक्षा माझं लक्ष दगडांकडेच जास्त होतं. मंडळी, अतिप्राचीन काशीचे आज दिसणारे बहुतेक घाट अठराव्या शतकातले किंवा नंतरचे आहेत आणि त्यांत मराठी पैसा पुष्कळ आहे. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमानं पाडलेल्या विश्वनाथाचं आजचं देऊळ महेश्वरहून राज्य करणाऱ्या अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभारलं. शिखरावरचं सोनं मात्र पंजाबच्या रणजितसिंहांचं.

अहिल्याबाई आपल्याला शाळेत भेटल्या होत्या. बायजाबाई शिंदे भेटल्याचं मला आठवत नाही. कागलच्या घाटग्यांची ही लेक, दौलतरावांच्या मागे ग्वाल्हेरचा कारभार पाहणारी. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप त्यांनी १८२८ मध्ये बांधला. १८३० च्या सुमारास मणिकर्णिकेशेजारी घाट बांधला, तो इतका भारी की स्वतःच्याच वजनानं खचला. तिथलं रत्नेश्वराचं देऊळही कललेलं आहे. (ते कशानं कललं याच्या कथा बऱ्याच, मी इंजिनिअर, पाया पाहिल्याशिवाय बोलणार नाही!)

अहिल्याबाईंच्या नावाचा घाट तरी आहे. इथे नावाडी नुसतं ‘सिंधिया घाट’ म्हणतो आणि वल्हं मारतो.