तोपची (लष्करी सराव)

'तोपची' हे भारतीय लष्कराच्या तोफखान्याच्या वार्षिक मारकशक्ती-प्रात्यक्षिकाचे नाव आहे. हे प्रात्यक्षिक महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्यात, देवळाली येथील तोफखाना विद्यालयाच्या (स्कूल ऑफ आर्टिलरी) गोळीबार क्षेत्रावर, सर्वसाधारणपणे जानेवारी महिन्यात होते. तोफा, उखळी तोफा, अग्निबाण प्रक्षेपक, टेहळणीची साधने आणि लष्करी हेलिकॉप्टरे यांचा एकत्रित वापर यात निमंत्रितांसमोर करून दाखवला जातो व त्यानंतर शस्त्रे जवळून पाहता येतात. यात वापरला जाणारा दारूगोळा खरा असतो.

नाव

'तोपची' म्हणजे तोफ चालवणारा. 'ची' हा मूळचा तुर्की प्रत्यय होय. मशालची, खजानची, तबलची या मराठीत रुळलेल्या शब्दांतही तोच आहे. मराठीत 'तोफ' आणि 'तोफखाना' ही रूपे रूढ असली, तरी लष्कराच्या हिंदी परिभाषेत 'तोप' हे रूप असल्यामुळे सरावाचे नाव तसेच पडले. जुन्या मराठीत तोफ डागणाऱ्याला 'गोलंदाज' म्हणत. आज हा शब्द क्रिकेटच्या मैदानावर इतका स्थिरावला आहे, की त्याचा मूळ अर्थ विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावा लागतो. याच स्वरूपाचे प्रात्यक्षिक पूर्वी काही वर्षे 'सर्वत्र प्रहार' या नावाने होत असे. त्यातील 'सर्वत्र' हा शब्द 'सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल' या तोफखान्याच्या ब्रीदवाक्याशी जुळणारा होता.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राला तोफखान्याची परंपरा जुनी आहे. पेशवाईत तोफखान्याची सरदारकी पानसे घराण्याकडे होती. पुणे जिल्ह्यातील सोनोरीजवळचा मल्हारगड हा किल्ला याच घराण्याने १७५७ ते १७६० या काळात बांधला. १७६१ च्या पानिपतच्या युद्धात इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी केलेली कामगिरी सर्वश्रुत आहे. आजच्या भारतीय तोफखान्याचा आरंभ मात्र २८ सप्टेंबर १८२७ रोजी उभारलेल्या मुंबई इलाख्यातील पहाडी तोफखान्याच्या तुकडीपासून मानतात. म्हणून २८ सप्टेंबर हा 'गनर्स डे' म्हणून पाळला जातो.

देवळालीची छावणी ब्रिटिश काळातील आहे. मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांना येथे जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने काढावे लागत. त्या कंटाळ्यातून इंग्रजीत 'डूलॅली' हा भ्रमिष्ट या अर्थाचा शब्द आला, तो या गावाच्या नावाचाच अपभ्रंश होय. तोफखाना विद्यालय आधी आताच्या पाकिस्तानातील ककुल येथे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, ते देवळालीस आले. नाशिक रोड येथील तोफखाना केंद्र (आर्टिलरी सेंटर) ही वेगळी संस्था असून तेथे नव्याने भरती झालेल्या जवानांना प्रशिक्षण मिळते. वृत्तपत्रांत या दोन संस्थांची गल्लत अनेकदा होते.

प्रात्यक्षिकाचे स्वरूप

प्रेक्षकांत मुख्यतः लष्करी विद्यार्थी असतात. वेलिंग्टन (तामिळनाडू) येथील संरक्षण सेवा अधिकारी महाविद्यालयाचे प्रशिक्षणार्थी, पुण्यातील तांत्रिक अभ्यासक्रमाचे अधिकारी आणि नेपाळच्या लष्करी महाविद्यालयातील अधिकारी यांच्यासाठी हे एक प्रकारचे पाठदर्शन असते. नागरी प्रशासनातील अधिकारी व परिसरातील विद्यार्थी यांनाही बोलावले जाते. प्रवेश निमंत्रितांपुरता असल्यामुळे तिकीट काढून जाण्याजोगा हा कार्यक्रम नव्हे.

काय पाहायचे हे ठाऊक नसेल तर अशा प्रात्यक्षिकात धूर आणि आवाज यांपलीकडे फारसे हाती लागत नाही. जुन्या काळी तोफ समोर दिसणाऱ्या लक्ष्यावर डागली जाई. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातील नाटे येथील यशवंतगड जैतापूरच्या खाडीवर नजर ठेवून आहे. अशा किल्ल्यांची जागाच मुळी शत्रूचे गलबत नजरेच्या टप्प्यात यावे या हिशेबाने निवडलेली असे. आधुनिक तोफेचा गोलंदाज लक्ष्य पाहतच नाही. लक्ष्य दिसते ते पुढे उंचावर बसलेल्या निरीक्षकाला. तो त्याचे स्थान नियंत्रण कक्षाला कळवतो. तेथे अंतर, उंचीतील फरक, वारा, हवेचे तापमान आणि दारूचे प्रमाण यांवरून तोफेच्या नळीची दिशा व उंचाव ठरतो आणि मग तोफेजवळच्या तुकडीला आज्ञा मिळते. पहिला गोळा कोठे पडला हे पाहून निरीक्षक दुरुस्ती सांगतो, आणि नेम बसला की सर्व तोफा एकदम मारा करतात. निरीक्षक, गणक आणि तोफेची तुकडी या तिघांपैकी एकाचा आकडा चुकला तरी गोळा भलतीकडे जातो. देवळालीत तोफा आणि लक्ष्याच्या टेकड्या एकाच ठिकाणाहून दिसतील अशी मांडणी केलेली असते. प्रत्यक्ष युद्धात ही दोन्ही दृश्ये एकत्र क्वचितच दिसतात.

आणखी एक गोष्ट प्रथम पाहणाऱ्यास चकित करते. तीन किलोमीटरवरच्या टेकडीवर गोळा फुटला, तर त्याचा धूर लगेच दिसतो, पण आवाज सुमारे नऊ सेकंदांनी पोहोचतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर असल्याचे पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. येथे ते मोजून पाहता येते.

प्रमुख शस्त्रे

१०५ मिलिमीटरची भारतीय फील्ड तोफ हे दीर्घकाळ वापरातले शस्त्र असून तिचा पल्ला सुमारे १७ किलोमीटर आहे. १५५ मिलिमीटरची बोफोर्स तोफ १९८६ च्या करारानुसार स्वीडनकडून घेण्यात आली. या करारावरून देशाचे राजकारण ढवळून निघाले, तर १९९९ च्या कारगिल युद्धात याच तोफेने डोंगरमाथ्यांवरील शत्रूच्या ठाण्यांवर परिणामकारक मारा केला. तिच्यावरून विकसित केलेली 'धनुष' तोफ जबलपूर येथे तयार होते. तिचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर असून पहिल्या सहा तोफा एप्रिल २०१९ मध्ये लष्कराला मिळाल्या.

९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळाली येथेच झालेल्या समारंभात 'के-९ वज्र' आणि 'एम-७७७' या दोन तोफा सेवेत दाखल झाल्या. वज्र ही पट्ट्यांच्या गाडीवर बसवलेली, स्वतः चालणारी तोफ असून मूळ रचना दक्षिण कोरियाची आणि निर्मिती गुजरातमधील हजिरा येथील आहे. एम-७७७ ही अमेरिकी बनावटीची तोफ टायटॅनियमच्या वापरामुळे सव्वाचार टनांच्या आसपास वजनाची आहे. त्यामुळे ती चिनूक हेलिकॉप्टरखाली टांगून डोंगरावर नेता येते.

प्रेक्षकांच्या लक्षात सर्वाधिक राहतो तो 'पिनाक' हा अग्निबाण प्रक्षेपक. शिवधनुष्याचे नाव लाभलेले हे शस्त्र पुण्यातील पाषाण येथील आयुध संशोधन आणि विकास संस्थेच्या पुढाकाराने साकारले. एका वाहनावरील बारा अग्निबाण ४४ सेकंदांत सुटतात. मूळ आवृत्तीचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर होता, पुढील आवृत्त्यांत तो बराच वाढला. रशियन बनावटीचे 'ग्रॅड' (चाळीस नळ्या) आणि 'स्मर्च' (बारा नळ्या) हे प्रक्षेपकही तोफखान्याकडे आहेत. शत्रूच्या गोळ्याच्या मार्गावरून त्याच्या तोफेची जागा शोधणारे 'स्वाती' रडार दिसायला साधे असले, तरी जाणकारांचे लक्ष तिकडे आधी जाते.

मशीनगन आणि नागरिक

तोपची हा तोफांचा सराव असल्याने मशीनगनला त्यात गौण स्थान आहे. पायदळाच्या हलक्या व मध्यम मशीनगन सर्वसामान्यांना जवळून पाहायला मिळतात त्या 'नो युवर आर्मी' या प्रदर्शनांत. असे प्रदर्शन नाशिकमध्ये २०२३ साली, तर पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सेनादिनाच्या निमित्ताने भरले होते. तेथे शस्त्र हाताळता येते, जवान त्याची माहितीही देतात, परंतु गोळी झाडता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार, चाप दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहणारी शस्त्रे 'प्रतिबंधित' वर्गात मोडतात. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्याही तीनवरून दोनवर आणली.

अमेरिकेतील स्थिती याच्या अगदी उलट आहे. केंटकी राज्यातील नॉब क्रीक येथे वर्षातून दोनदा मशीनगन चालवण्याचा मेळा आणि त्याला जोडून शस्त्रांचा बाजार भरत असे. लोक कुटुंबासह येत आणि पैसे भरून मशीनगन चालवत. ऑक्टोबर २०२१ नंतर हा मेळा बंद झाला. तेथेही १९८६ च्या कायद्याने नव्या मशीनगन नागरिकांना विकण्यास बंदी असून त्यापूर्वी नोंदवलेल्याच हस्तांतरित होऊ शकतात. देवळालीच्या कार्यक्रमाला काही वेळा 'शस्त्रांचा मेळा' म्हटले जाते, पण तेथे विक्री नसते व प्रेक्षक शस्त्र चालवत नाहीत, म्हणून हा शब्द दिशाभूल करणारा आहे.

गोळीबार क्षेत्र आणि परिसर

गोळीबार क्षेत्रालगत शिंगवे बहुला यांसारखी शेतीची गावे आहेत. अशा क्षेत्रांचा वापर १९३८ च्या कायद्याने नियंत्रित होतो. त्यानुसार राज्य शासन क्षेत्र अधिसूचित करते, माऱ्याच्या काळात तेथे प्रवेश बंद राहतो आणि पिकांच्या किंवा मालमत्तेच्या हानीबद्दल भरपाईची तरतूद आहे. धोका मात्र मारा थांबल्यावर संपत नाही. काही गोळे पडूनही फुटत नाहीत आणि मातीत रुततात. पितळ व लोखंडाच्या मोडीला भाव असल्याने गरीब माणसे ती वेचण्यास जातात. अहिल्यानगरजवळील खारे कर्जुने (के. के. रेंज) परिसरात अशा प्रकारांत ग्रामस्थांचे बळी गेले आहेत. त्या क्षेत्राच्या विस्तारासाठी जमिनी जाण्याच्या भीतीने नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांत आंदोलनेही झाली.

चालवणाऱ्यांनाही जोखीम आहे. १० ऑक्टोबर २०२४ रोजी देवळाली येथे नेहमीच्या प्रशिक्षणात भारतीय फील्ड तोफेतून मारा करताना गोळा फुटून दोन अग्निवीर मृत्युमुखी पडले. दोघेही वयाच्या विशीच्या आसपासचे होते. ही दुर्घटना तोपची सरावातील नव्हती. लष्कराने तिच्या चौकशीचे आदेश दिले आणि त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये वार्षिक प्रात्यक्षिक नेहमीप्रमाणे पार पडले.