गैरहजेरी ओळखणारी पेशी

१९७५ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत किसलिंग, क्लाइन आणि विगझेल यांनी ‘नॅचरल किलर’ पेशींचं वर्णन केलं. पूर्वी कधी गाठ न पडलेल्या कर्कपेशीही त्या मारत. पण त्या ओळखतात काय? जो तो परकी खूण शोधत होता. तिथल्याच क्लास कॅरे यांनी प्रश्न उलटा केला: स्वतःची खूण दिसली नाही, म्हणूनच त्या मारत असतील तर?

१९८६ मध्ये त्यांच्या गटानं उंदरांत ते दाखवलं. एमएचसी वर्ग-१ रेणू, म्हणजे आपल्या पेशींचं ओळखपत्रच म्हणा ना, हरवलेल्या लिम्फोमा पेशींचा शरीरानं फडशा पाडला. ओळखपत्र शाबूत असलेल्या मात्र वाढल्या. १९९२ मध्ये योकोयामा यांच्या गटानं उंदरातला एलवाय-४९ए हा रिसेप्टर दाखवला. एमएचसी रेणू भेटला की तो मारेकरी पेशीला आवरतो. माणसात हे काम केआयआर रिसेप्टर करतात.

आता गंमत बघा. अस्थिमज्जा रोपणात न जुळण्याची सगळ्यांना धास्ती. पण २००२ मध्ये इटलीतल्या पेरुजाच्या गटानं दाखवलं, की दात्याच्या या पेशींना रुग्णात आपली खूण सापडली नाही, तर अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया उलटण्याचं प्रमाण घटतं. म्हणजे तिथे न जुळणंच रुग्णाच्या पथ्यावर पडलं!