टेप कुणाच्या हातात?

पोलिसभरतीच्या मैदानावर मी जन्मात एकदाच गेलो. साल १९८३. गिरणीसंपाचं दुसरं वर्ष. घरात बापाचा पगार बंद, आईने खानावळीचे डबे सुरू केलेले. लालबागहून आम्ही चार पोरं पहाटे चालत निघालो. रांगेत ऊन डोक्यावर आलं. माझा नंबर आला तेव्हा टेपवाल्याने आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, आणि मग उंची मोजली. "अर्धा बोट कमी. चल, पुढचा."

घरी येऊन दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिलो. आईने डोक्यावर पाटी आडवी धरून पेन्सिलीने रेघ मारली. खालच्या शिंप्याची टेप आणून आम्ही ती रेघ तीनदा मोजली. उंची कमी नव्हती.

त्या माणसाचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं, आज त्याच्याशी माझं भांडणही नाही. पण एक प्रश्न तेव्हापासून डोक्यात घुसला तो घुसलाच. उंची मोजायला आडनाव कशाला लागतं? त्याचं उत्तर शोधत मी मागे मागे गेलो. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्यातले कितीतरी जण आज त्याच रांगेत उभे आहेत म्हणून.

एक : गावचा पोलिस कोण होता?

आपल्या आज्या-पणज्यांनी पोलिसाचं काम केलं नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याला इतिहास ठाऊक नाही. गावाची राखण महाराकडे. रात्रीचा पहारा, चोराचा माग काढणं, सरकारी खजिना तालुक्याला पोचवणं, परका माणूस गावात शिरला तर पाटलाला वर्दी देणं, शिवेचं भांडण पडलं तर साक्षीला उभं राहणं, हे सगळं महाराच्या माथी. काठी त्याची, जागरण त्याचं. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रजाने या चाकरीवर शिक्का मारला. दिवसरात्र राबायचं आणि पगार म्हणून बलुतं आणि चतकोर जमीन. बाबासाहेबांनी १९२८ च्या मार्चमध्ये मुंबई कौन्सिलात याच कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. वतनं कायद्याने संपायला मात्र आणखी तीस वर्षं जावी लागली.

म्हणजे बघा. फुकट राखण करायची तेव्हा महार चालतो. त्याच कामाला पगार, पट्टा आणि डोक्यावर टोपी मिळायची वेळ आली की महार विटाळतो. आमच्या अंगात ताकद नव्हती, हिंमत नव्हती, इमान नव्हतं, असलं काही कुणाला सिद्ध करता आलं नसतं. गावगाड्याने पिढ्यान् पिढ्या ते पारखून घेतलं होतं.

दोन : 'लढाऊ' कोण हे कुणी ठरवलं?

पलटणीचंही तेच झालं. कोरेगावच्या लढाईत, १ जानेवारी १८१८ ला, महार शिपाई लढले. तिथल्या खांबावर नावं आहेत. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांच्या डोक्यात 'लढाऊ जाती'चं खूळ शिरलं आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कुणाला पळवून पाहिलं नाही, नेम बघितला नाही. जात हीच परीक्षा, आणि तिच्यात आपण जन्मतःच नापास!

गप्प मात्र कुणी बसलं नाही. दापोलीचे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सरकारकडे अर्ज लिहिला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी गावोगावच्या महारांना एकत्र करून अर्जांवर सह्या घेतल्या, आणि १९१० चा अर्ज थेट विलायतेच्या भारतमंत्र्यापर्यंत नेला. त्यात पलटणीबरोबर पोलिसातल्या शिपायाची जागाही मागितली होती. साहेबाची खुर्ची कुणी मागितलीच नव्हती. अगदी खालची पायरी मागितली होती, तीही नाकारली गेली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ ला मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धात.

तीन : परळ, १९२८

मुंबईत आलो तेव्हा वाटलं, इथं गावकूस नाही. पण कुशी इथंही होत्या. गिरणीत आपली माणसं रिंगखात्यात चालत, साचेखात्यात नाही. का? धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या तोंडाचा विटाळ! जास्त पगार साच्यावर होता हे सांगायला नको. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. कामाची परीक्षा कुणी घेतलीच नव्हती, थुंकीची घेतली होती.

पोलिसखात्यातही तीच तऱ्हा. शहरातले बहुतेक शिपाई कोकणातून आलेले. पण त्याच कोकणातून, त्याच बोटीने आलेल्या आपल्या माणसाला पोलिसलाइनीत जागा नाही. अडचण सांगत ती पाण्याची, पंगतीची, शिवाशिवीची.

परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब राहत होते, दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम चाले. याच सभेच्या वतीने मे १९२८ मध्ये त्यांनी सायमन कमिशनला निवेदन दिलं. ते काढून वाचा पोरांनो. सेना, आरमार आणि पोलिस यांतली भरती आपल्याला कायद्याने खुली असावी, सरकारी नोकऱ्यांत तीस वर्षं आपल्याला अग्रक्रम असावा, आणि प्रत्येक जिल्ह्यात आपल्यातला एक पोलिस इन्स्पेक्टर नेमावा, अशा मागण्या त्यात आहेत. जिल्ह्याला एक इन्स्पेक्टर का मागितला, याचा नीट विचार करा. आदल्याच वर्षी महाड झालं होतं. पाणी प्यायला म्हणून लोकांची डोकी फुटली होती. फिर्याद लिहून घेणारा हात कुणाचा आहे, यावर न्याय सुरू होतो की दारातच मरतो हे ठरतं, एवढं त्यांनी ओळखलं होतं.

त्याच साली सरकारने स्टार्ट साहेबांची समिती नेमली. बाबासाहेब आणि डॉ. सोळंकी तिच्यावर होते. मार्च १९३० च्या अहवालात पोलिसभरती खुली करण्याची शिफारस झाली. नंतर तिसाच्या दशकात दरवाजा किलकिला झाला, एवढंच. दरवाजाआड पाण्याचा माठ वेगळा होताच.

चार : बी.डी.डी. चाळ, १९७४

हा इतिहास आपल्याच जिन्यावर घडला आहे. वरळी आणि नायगावच्या बी.डी.डी. चाळींत आपली कुटुंबं होती, आणि पोलिसांचीही. संडास आणि नळाची रांग एकच. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरच्या सभेवर दगड आले, मग लाठ्या, मग गोळीबार. रमेश देवरूखकर गेला. १० जानेवारीला परळला मोर्चात भागवत जाधवच्या डोक्यात पाटा घातला. महिनोन् महिने चाळी पेटत राहिल्या. चौकशीला न्या. भस्मे यांचा आयोग बसला.

तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा. एक गोष्ट पक्की आठवते. अंगावर वर्दी आली की शेजारचा माणूस शेजारचा राहत नव्हता. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जण मेले, तेव्हा तीच आठवण परत उठली. १९९२-९३ च्या दंगलीत मुंबईच्या मुसलमानांनी तेच भोगलं. श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर स्पष्ट बोट ठेवलं आहे. खात्यात जो समाज दिसत नाही, त्याच्याशी खातं कसं वागतं हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

कुणी म्हणेल, आपली चार पोरं भरती झाली म्हणून लाठी मऊ पडते काय? नाही पडत. आपलाही माणूस हुकमाचा ताबेदार होतो, हे मी पाहिलंय. पण ठाण्यात फिर्याद घ्यायला कुणीतरी आपलं असणं आणि कुणीच नसणं यातला फरक, रात्री दोन वाजता ठाण्याच्या बाकड्यावर बसलेल्या बाईला विचारा.

पाच : परीक्षेचीच परीक्षा

आता सरळ जात विचारून कुणी हाकलत नाही. आरक्षण आहे, कायदा आहे. पण परीक्षा आहे, आणि ती काय मोजते हे विचारायचा आपला हक्कही आहे.

पुरुषांना उंची १६५ सेंटिमीटर. उंची रक्तातून येते तशी पोटातूनही येते. उपाशी आईच्या पोराची उंची मोजताना टेप त्याच्या घरातली भाकरी मोजते. पळण्याचं बघा. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत उन्हात पाच किलोमीटर पळताना तरुण पोरं मेली. पुढे अंतर कमी करावं लागलं. आता पुरुषांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुण, आणि मग १०० गुणांची लेखी. म्हणजे पाच किलोमीटर ही काही निसर्गाची अट नव्हती. माणसाने घातली, माणसाने काढली. लेखी तरी चोख म्हणावी, तर २०१८ साली नांदेडच्या भरतीत उत्तरपत्रिकांचा घोटाळा बाहेर आला.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी ही लढाई कोर्टात लढली. १९७१ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ग्रिग्ज खटल्यात सांगितलं की, ज्या परीक्षेचा कामाशी संबंध नाही आणि जिच्यात काळेच गळतात ती चालणार नाही. पण १९७६ साली वॉशिंग्टनच्या पोलिसभरतीचा खटला आला. लेखी परीक्षेत काळे उमेदवार गोऱ्यांच्या चौपटीहून जास्त प्रमाणात नापास होत होते. कोर्ट म्हणालं, नुसता निकाल दाखवून घटनेचा भंग ठरत नाही, हेतू दाखवा. आता टेपवाल्याचा हेतू मी कुठून आणू? माझ्याकडे चौकटीवरची रेघ होती फक्त.

उत्तर आयर्लंडने दुसरी वाट धरली. तिथल्या पोलिसांत कॅथलिक जेमतेम ८ टक्के होते. २००१ ते २०११ अशी दहा वर्षं निम्मी भरती कॅथलिकांतून केली, आणि प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास गेलं. राज्य मनात आणतं तेव्हा होतं.

आपल्याकडची एक जीत पाठ करून ठेवा. उत्तर प्रदेशच्या पोलिस शिपाई भरतीत मागासवर्गातल्या मुलींना खुल्या जागेवरच्या शेवटच्या मुलीपेक्षा जास्त गुण असूनही डावललं होतं. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सौरव यादव खटल्यात बजावलं : खुली जागा कुणाच्या जातीची नसते, ती गुणांवर सगळ्यांची असते. आपला मुलगा खुल्या यादीच्या गुणांत बसत असेल तर त्याला राखीव जागेत ढकलणं म्हणजे एका आपल्याच पोराची जागा खाणं.

म्हणून सांगतो. नुसत्या घोषणांनी हे व्हायचं नाही. आपापल्या वस्तीत पहाटे पोरापोरींना पळवा. मैदानावर जाण्याआधी उंची-छाती दोन साक्षीदारांसमोर मोजून तारखेसह कागदावर लिहा. मोजमाप चुकलं वाटलं तर मैदान सोडण्याआधी तिथल्या तिथे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. यादी लागली की गुण तपासा. माहितीच्या अधिकारात बिंदुनामावली मागा, अनुशेष विचारा. वस्तीत मुसलमान, भटके, आदिवासी पोर असेल तर त्यालाही याच रांगेत आपल्याबरोबर घ्या.

१९८३ साली मला हरकत घ्यायचं सुचलं नाही. खाली मान घालून घरी आलो. ती चौकट आता जागेवर नाही, खोलीही नाही. पण त्या दिवशी कुणी मला एवढं सांगितलं असतं की, 'थांब, पुन्हा मोजायला सांग', तर मी थांबलो असतो. ते सांगायलाच हे लिहिलं.

जय भीम.